जुलाबाची गोळी नेमकी कुठली घ्यायची? मोठ्या माणसांसाठी औषधांची तुलना

पाऊस सुरू झाला की मेडिकलच्या काउंटरवर रोज कितीतरी वेळा एकच वाक्य कानावर येतं, "जुलाबाची एक गोळी द्या हो." मी फार्मासिस्ट आहे, आणि दरवेळी मला वाटतं की समोरच्याला नीट बसवून सांगावं की बाबा अशी एक गोळी नसते. जुलाबावर म्हणून जी औषधं मिळतात ती अगदी वेगवेगळ्या कामांची आहेत, कुणी आतड्याची हालचाल मंद करतं, कुणी आतड्यात पाझरणारं पाणी कमी करतं, कुणी जंतू मारतं, आणि काही तर फारसं काही करतही नाहीत. पण मागे लाइन लागलेली असते, तेवढं बोलणं होत नाही, म्हणून इथे सगळं एकदाच सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, हे मोठ्या माणसांसाठी आहे आणि अचानक सुरू झालेल्या, इन्फेक्शनच्या जुलाबांसाठी आहे, म्हणजे बाहेरचं खाल्लं, पाणी बाधलं, घरात एकाला झालं मग दुसऱ्याला झालं, अशातले. लहान मुलांचं सगळंच वेगळं असतं, त्यांना झिंक देतात जे मोठ्यांना देत नाहीत, आणि मोठ्यांच्या काही गोळ्या मुलांना घातक ठरू शकतात, त्यामुळे इथलं वाचून घरातल्या छोट्याला अर्धी गोळी वगैरे अजिबात देऊ नका. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस पोट बिघडलेलंच असेल तर तो वेगळा विषय, त्याला तपासण्या लागतात.

औषधाआधी बघायचं काय

दिवसभरात तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली तर त्याला जुलाब म्हणायचं. आता किळस न करता एकदा खाली बघायचं, कारण औषध कुठलं हे तिथेच ठरतं. नुसतं पाण्यासारखं जातंय, ताप नाही किंवा किरकोळ कणकण आहे, तर बहुतेक वेळा व्हायरस असतो (मोठ्यांमध्ये नोरोव्हायरस खूप कॉमन आहे) किंवा ई. कोलायसारखा एखादा जंतू ज्याचं विष आतड्याला पाणी सोडायला लावतं. असे जुलाब एक ते तीन दिवसांत आपले आपण थांबतात, जंतू मारायची गरजच पडत नाही. पण रक्त पडतंय, शेंब पडतेय, मुरडा येऊन थोडी थोडी होतेय आणि सोबत चांगला ताप आहे, म्हणजे आपण ज्याला आव किंवा हगवण म्हणतो ते असेल, तर जंतू आतड्याच्या आतल्या थरात शिरलेला असतो. पहिल्या प्रकारात चालणारी गोळी इथे नुकसान करते. म्हणून कुणी गोळी मागितली की मी आधी हेच विचारते, रक्त आहे का, ताप आहे का, आणि लोकांना वाटतं मी उगाच चौकशी करतेय.

सगळ्यात वरचं औषध पाणी आणि मीठ-साखर

ओआरएसला लोक औषध समजत नाहीत. "ते देऊ नका, गोळी द्या" असं म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे, जुलाबात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने, आणि ते भरून काढणारं औषध हेच एक आहे, बाकी सगळ्या गोळ्या ह्याच्या नंतर.

ह्यामागची गोष्ट आपल्या देशातली आहे आणि ती माहीत असायला पाहिजे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, बेकिंग सोडा आणि ग्लुकोजची पाकिटं बनवून घेतली, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजायला लावलं. तिथे मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्के होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ ला ते गेले, २०२३ ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे चालतं कसं तर आतड्यात मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतडं दोघांना सोबत आत ओढतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं, आणि जुलाब कितीही जोरात असले तरी ही वाट सहसा बंद पडत नाही. साखर प्रमाणाबाहेर झाली तर उलटं होतं, पाणी आतड्यातच खेचलं जातं आणि जुलाब वाढतात.

म्हणूनच पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं. १ लिटरसाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, हा डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला. मधे बरीच वर्षं दुकानात नावात ओआरएस असलेली गोड टेट्रापॅक सरबतं मिळायची ज्यात साखर कितीतरी जास्त असायची, हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष ह्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. मला मनापासून आनंद झाला त्या दिवशी. तरी अजूनही कुणी "ओआरएसचा ज्यूस द्या" म्हणतं, त्यांना मी पावडरचं पाकीट काढून देते.

कालवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. पाकिटं दोन साइजमध्ये येतात, मोठं साधारण २१ ग्रॅमचं १ लिटरसाठी आणि छोटं साधारण ४ ग्रॅमचं २०० मिलिसाठी. लोक मोठं पाकीट फोडून चमचाभर एका ग्लासात टाकतात, रबर लावून फ्रिजवर ठेवतात, दुपारी परत चमचाभर, दर ग्लासाला वेगळं प्रमाण होतं आणि पावडर ओली होऊन गोळा होते ते वेगळंच. तसं करायचं नाही. १ लिटरची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरायची, अख्खं पाकीट एकदम टाकायचं, हलवायचं, आणि २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. वरून साखर टाकायची नाही, चवीला सोडा, सरबत काही मिसळायचं नाही. दर जुलाबानंतर एक-दोन ग्लास, पण गटागट नाही, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या चमच्याने परत सुरू करायचं. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावर बोट फिरवून सपाट केलेला, मिठाचा ढीग नाही, मीठ जास्त झालं तर ते धोक्याचं आहे.

शुगरवाले विचारतात आम्ही घेऊ का, तर हो, जुलाब चालू असताना घ्यायचं, फक्त शुगर तपासत राहायचं. हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच. नारळपाणी, पेज, ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत हे सगळं सोबत चालतं, पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, त्यामुळे जोरात जुलाब असतील तर नुसत्या नारळपाण्यावर राहू नका. आपल्याकडचा कोरा चहा लिंबू पिळून, तो कपभर प्यायला हरकत नाही, पण तोही ओआरएसच्या जागी नाही.

आणि सलाइन. "एक सलाइन लावून घेतो म्हणजे ताकद येईल" हे मी रोज ऐकते. साध्या नॉर्मल सलाइनच्या ५०० मिलिच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी, पोटॅशियम नाही, साखर नाही. तोंडाने पिता येतंय, पोटात राहतंय, तर ओआरएस तेवढंच काम करतं, उलट त्यात पोटॅशियमही असतं. सलाइन लागते ती ज्याला पिताच येत नाही, सतत उलट्या होतायत, बीपी खाली गेलंय, ग्लानी आलीय अशा माणसाला, आणि त्याला मात्र ती वेळेत लागलीच पाहिजे.

थांबवणारी गोळी: लोपेरामाइड

सगळ्यांना "जुलाब थांबवायची गोळी" म्हणून जी माहीत असते ती बहुतेक वेळा ही. २ मिलिग्रॅमची छोटी गोळी किंवा कॅप्सूल, स्वस्त. ही अफूच्या जातकुळीतली आहे पण नेहमीच्या डोसला मेंदूपर्यंत पोचत नाही, आतड्यावरच काम करते, आतड्याची हालचाल मंदावते त्यामुळे पाणी शोषायला वेळ मिळतो आणि संडासला जायच्या फेऱ्या लवकर कमी होतात.

पद्धत अशी की सुरुवातीला २ गोळ्या, मग दर पातळ संडासनंतर १. आपल्या आपण घेत असाल तर दिवसाला ४ गोळ्यांच्या, म्हणजे ८ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका आणि दोन दिवसांत फरक नसेल तर बंद करून डॉक्टरकडे जा. डॉक्टर कधी कधी १६ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, पण तो त्यांचा निर्णय. एक थांबत नाही म्हणून चार-चार मिळून घेणं फार धोक्याचं आहे, जास्त डोसने हृदयाचे ठोके गंभीरपणे बिघडतात, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१६ साली ह्यावर इशाराही दिला होता.

कुणी घ्यायची तर पाण्यासारखे जुलाब आहेत, रक्त नाही, ताप नाही, आणि एसटीने सहा तासांचा प्रवास आहे किंवा परीक्षा आहे किंवा कामावर गेल्याशिवाय चालणारच नाही. अशा वेळी ही गोळी खरंच उपयोगाची आहे आणि घ्यायला घाबरू नका. कुणी घ्यायची नाही तर रक्त पडतंय, १०१-१०२ ताप आहे, पोट फुगून टणक झालंय, किंवा गेल्या काही आठवड्यांत अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि त्यानंतर जुलाब सुरू झालेत. ह्या शेवटच्या प्रकारात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू असू शकतो आणि त्यात आतड्याची हालचाल थांबवली तर विष आतच साठतं, आतडं फुगून जीवावर बेतू शकतं. हीच भीती आवेतही आहे.

लोमोटिल हे नाव जुन्या लोकांच्या तोंडात असतं, त्यात डायफेनॉक्सिलेट आणि थोडं अॅट्रोपिन असतं. काम जवळपास तेच, पण अॅट्रोपिनमुळे तोंड कोरडं पडणं, धडधड, लघवी अडकणं असले त्रास होतात, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना आणि काचबिंदूवाल्यांना तर नकोच. लोपेरामाइड मिळत असताना मी कुणाला ही घ्या असं सांगत नाही.

पाणी कमी करणारी: रेसकाडोट्रिल

रेसकाडोट्रिल आपल्याकडे डॉक्टर बऱ्यापैकी लिहितात, अमेरिकेत मात्र ही मिळत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या नातेवाइकांना नाव माहीत नसतं. लोपेरामाइड पाइप आवळतं तर ही नळाची धार बारीक करते. आपल्या शरीरातच एन्केफॅलिन नावाचं द्रव्य असतं जे आतड्यातला पाझर आवरतं, ते मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला ही गोळी अडवते, म्हणजे पाझर कमी होतो पण आतड्याची चाल आहे तशीच राहते.

मोठ्यांना १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, पहिली कधीही आणि पुढच्या जेवणाआधी, दोन वेळा नीट बांधलेली संडास झाली की बंद, आणि सात दिवसांच्या वर नाही. दोघांची तुलना केलेल्या अभ्यासांत जुलाब थांबायला लागणारा वेळ साधारण सारखाच आला, फरक पडला तो नंतरच्या त्रासात, रेसकाडोट्रिलने नंतर पोट गच्च होणं आणि गॅस धरणं कमी होतं. ज्यांना लोपेरामाइड घेतलं की पुढे तीन दिवस संडासच होत नाही त्यांच्यासाठी ही बरी. किंमत जास्त पडते. आणि एक गोष्ट काउंटरवर हमखास राहून जाते, बीपीसाठी रामिप्रिल, एनालाप्रिल असली शेवटी "प्रिल" असलेली गोळी चालू असेल तर रेसकाडोट्रिलसोबत ओठ, जीभ, घसा सुजण्याचा धोका वाढतो, म्हणून बीपीची गोळी कुठली चालू आहे हे आधी सांगा.

मग ह्या दोघांत कुठली? माझं मत विचाराल तर तात्काळ निघायचंय, एखाद-दोन डोसचं काम आहे, तर लोपेरामाइड. घरीच आहात, वय जास्त आहे, बद्धकोष्ठाची सवय आहे, तर डॉक्टरांना विचारून रेसकाडोट्रिल. आणि दिवसाला तीन-चारदाच जातंय, सुट्टी आहे, घरात संडास आहे, तर दोन्ही नकोत, ओआरएस आणि मऊ भात पुरे. दोन्ही एकदम तर कधीच नको.

परदेशातली मंडळी बिस्मथची गुलाबी बाटली किंवा गोळ्या सोबत आणतात. सौम्य जुलाबात आणि मळमळीत त्याने बरं वाटतं, पण जुलाब आटोक्यात आणायला ते लोपेरामाइडपेक्षा कमी पडतं. त्यात अॅस्पिरिनच्या घराण्यातलं सॅलिसिलेट असतं, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या घरातल्या आजी-आजोबांना ती प्रेमाने देऊन टाकू नका. जीभ आणि संडास काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त पोटात रक्तस्राव होत असेल तर तोही काळाच दिसतो आणि मग गोंधळ होतो.

अँटिबायोटिक, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय

आपल्याकडे जुलाब म्हटलं की हातात काय पडतं? ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची स्ट्रिप. किंवा नॉरफ्लोक्सासिन-टिनिडाझोल. लोक नावासकट मागतात, "चारच द्या, दोन दिवस घेतो," आणि स्ट्रिप कात्रीने कापून अर्धी नेतात, उरलेली घरच्या डब्यात पडते आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला जाते. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते, ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा अर्थ आहे, ती दाखवून मी नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो, हे मला ठाऊक आहे, तरी नाहीच म्हणते.

ह्या जोडगोळीत दोन औषधं आहेत, एक बॅक्टेरियावर, एक अमिबा-जिआर्डिया असल्या आतड्यातल्या परजीवींवर. म्हणजे काय झालंय माहीत नाही म्हणून दोन्हीकडे एकेक बाण मारायचा. आता बहुतेक पाण्यासारखे जुलाब व्हायरसचे किंवा आपोआप थांबणारे, तिथे दोन्ही बाण वाया. बॅक्टेरिया आणि अमिबा एकाच वेळी, असं क्वचितच असतं. आणि ह्या फ्लोक्सासिन घराण्यातल्या गोळ्यांनी स्नायूबंध दुखावणं-तुटणं, हातापायाला मुंग्या, असे त्रास होऊ शकतात, एफडीएने २०१६ ला ह्यावरचे इशारे आणखी कडक केले आणि २०१८ ला शुगर एकदम खाली जाण्याबद्दलही सांगितलं, म्हणजे शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस, जुलाब, जेवण नाही, आणि वर ही गोळी, विचार करा. दोन दिवसांत जुलाब थांबतात ते बहुतेक वेळा थांबणारच होते म्हणून, पण श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी परत तीच मागितली जाते.

अँटिबायोटिक लागतं तेव्हा मात्र लागतंच. रक्त आणि ताप असलेली आव (बऱ्याचदा शिगेला नावाच्या जंतूची), कॉलऱ्याची शंका, फार जोराचे जुलाब झालेला प्रवासी, गरोदर बाई, खूप वयस्कर माणूस, किंवा कॅन्सरचे उपचार वगैरेमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेला पेशंट, इथे डॉक्टर देतात आणि द्यायला हवं. कुठलं हे त्यांनी ठरवायचं, पण तुम्हाला समजावं म्हणून सांगते. आपल्या भागात कॅम्पिलोबॅक्टर आणि शिगेला हे जंतू सिप्रोफ्लोक्सासिनला बऱ्याच प्रमाणात दाद देईनासे झालेत, म्हणून आता आवेत अॅझिथ्रोमायसिनला आधी पसंती असते, बहुतेक वेळा रोज ५०० मिलिग्रॅम तीन दिवस, किंवा १ ग्रॅम एकदाच, पण एकदम १ ग्रॅमने पुष्कळांना मळमळतं. रिफाक्सिमिन ही वेगळी आहे, पोटातून रक्तात जवळपास जातच नाही, आतड्यातच राहते, त्यामुळे बाकी शरीराला त्रास कमी, पण त्याच कारणाने आतड्याच्या थरात घुसलेल्या जंतूवर ती उपयोगी नाही, म्हणजे रक्त-ताप असेल तर नको, प्रवासातल्या साध्या ई. कोलायच्या जुलाबात चालते. कॉलऱ्यात, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी बदाबदा जातं तेव्हा, मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात, पण जीव वाचवतं ते पाणी, डॉक्सिसायक्लिनने फक्त जुलाब कमी दिवस राहतात.

उगाच घेतलेल्या कोर्सची किंमत नंतर मोजावी लागते. दक्षिण आशियासह उष्ण देशांत फिरून परत गेलेल्या फिनलंडच्या प्रवाशांचा अभ्यास झालाय, त्यात ज्यांनी जुलाबासाठी अँटिबायोटिक घेतलं त्यांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू जास्त प्रमाणात सापडले. आपण तर इथेच राहतो. उद्या लघवीचं इन्फेक्शन झालं आणि गोळीने फरकच पडला नाही तर त्यामागे असल्या अर्ध्या स्ट्रिपा असू शकतात. आणि ई. कोलायची एक जात अशी आहे की ज्यात रक्ताचे जुलाब होतात पण ताप फारसा नसतो, तिथे अँटिबायोटिकने किडनीवर घाला पडायचा धोका वाढतो, म्हणून रक्त दिसलं तरी गोळी आपल्या मनाने नाही.

मेट्रोनिडाझोलबद्दल वेगळं लिहायला हवं कारण "मला अमिबा आहे" असं सांगणारे खूप भेटतात. खरा अमिबा असतो, पण जुलाब झालेल्या प्रत्येकाला तो नसतो, संडासची तपासणी करून ठरवायचं असतं. खरंच असेल तर पूर्ण कोर्स करायचा आणि त्यानंतर डायलोक्सॅनाइडसारखं दुसरं औषध दहा दिवस घ्यायचं असतं, कारण मेट्रोनिडाझोल आतड्यात लपून राहिलेल्या अमिबाच्या गाठी (सिस्ट) साफ करत नाही. ही दुसरी पायरी कितीतरी लोक सोडून देतात आणि मग सहा महिन्यांनी परत तेच. तोंडाला लोखंडासारखी चव येते ती ह्याच गोळीमुळे, कोर्स संपला की जाते. कोर्स चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू नको. जुन्या काळी घराघरात असलेल्या क्लायोक्विनॉलच्या गोळ्या कुणी अजून मागत असेल तर घेऊ देऊ नका, त्याने डोळे आणि पायांच्या नसा गेल्याचे हजारो पेशंट जपानमध्ये झाले, तिथे १९७० ला ते बंद केलं.

दह्याच्या जंतूंच्या कॅप्सूल

प्रोबायोटिक आपल्याकडे चिठ्ठीवर जवळपास ठरलेलं असतं. २०२० साली सगळे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा दोन दिवसांपेक्षा जास्त टिकणारे जुलाब त्याने कमी होतात असं काही ठामपणे दिसलं नाही. नुकसान नाही, पण पैसे मोजकेच असतील तर ते ओआरएसवर घाला. अँटिबायोटिक घेतल्याने पोट बिघडतंय तिथे थोडा अर्थ आहे. हॉस्पिटलमध्ये मोठ्या शिरेत नळी लावलेल्या पेशंटला यीस्टवालं प्रोबायोटिक मात्र द्यायचं नाही, ते रक्तात शिरल्याच्या घटना आहेत.

पोटदुखी, उलटी आणि रोजच्या गोळ्या

कळा येतात म्हणून लोक मेफेनॅमिक अॅसिड आणि डायसायक्लोमिनची जोडगोळी घेतात. शरीर कोरडं पडलेलं असताना मेफेनॅमिक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी किडनीला जड जातात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम चांगलं काम करतं, ओआरएस पोटात टिकायला मदत होते, पण ऑन्डान्सेट्रॉन, अॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लोक्सासिन, डॉमपेरिडोन ही सगळी हृदयाच्या ठोक्यांवर थोडाथोडा परिणाम करणारी औषधं आहेत, त्यातली दोन-तीन एकत्र आली आणि जुलाबाने पोटॅशियम आधीच खाली गेलेलं असलं की धोका वाढतो, हार्टचा त्रास असेल तर चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगा.

आणि हे खूप महत्त्वाचं आहे, कृपया घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा लघवी होण्याची गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असलेल्या माणसाला जोराचे जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं की ह्यातली कुठली गोळी एक-दोन दिवस थांबवू. पाणी कमी झालेल्या शरीरात ह्या गोळ्या किडनीवर ताण आणू शकतात, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीत शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. पण आपल्या मनाने सगळं बंद करून टाकायचं नाही, इन्सुलिन तर नाहीच.

मेडिकल सोडून थेट दवाखाना कधी

रक्त पडतंय, ताप १०२ च्या आसपास आहे, सहा-आठ तास लघवीच नाही किंवा अगदी गडद थेंबभर होते, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतंय, पोटात असह्य आणि न थांबणारं दुखतंय, पाण्याचा घोटही टिकत नाही, किंवा तीन दिवस झाले आणि कमीच नाही. गरोदर बाई आणि पासष्टीच्या पुढचे लोक ह्यांनी तर इतकं थांबायचंच नाही.

आणखी एक, पुणेकरांना आठवत असेल. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिया बारेचे (नसांवर परिणाम होऊन हातापायातली ताकद जाणारा आजार) दोनशेच्या आसपास पेशंट झाले, त्यातल्या बऱ्याच जणांना आधी जुलाब झालेले होते आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हे क्वचित होतं, घाबरायचं नाही, पण जुलाब बरे झाल्यावर एक-तीन आठवड्यांत पायात ताकद नाही, जिना चढवत नाही, मुंग्या येऊन वर वर चढतायत असं वाटलं तर अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक मागायला येऊ नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.

जेवण बंद करायचं नाही. मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी, केळं, ताक, उकडलेला बटाटा चालतं. दूध दोन-चार दिवस नको, आतडं सोललेलं असतं त्यामुळे दुधातली साखर पचत नाही. तिखट-तेलकट टाळा. घरातल्यांनी हात साबणाने धुवा, नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरने नीट जात नाही.

शेवटी काउंटरवर आलात की एवढं सांगा, म्हणजे आम्हाला योग्य ते देता येतं: कधीपासून, दिवसाला किती वेळा, रक्त किंवा ताप आहे का, लघवी होतेय का, वय किती, रोजच्या गोळ्या कुठल्या, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक झालंय का. पेशंट स्वतः येत नाही, घरातलं कुणीतरी येतं आणि त्याला ह्यातलं काही माहीत नसतं, त्यामुळे निघण्याआधी पेशंटला विचारून या किंवा तिथूनच फोन लावून द्या, आम्ही बोलतो. रोजच्या गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकाम्या स्ट्रिपांचा मोबाइलवर फोटो काढून आणा, ते चालतं.